स्वस्त दिसतो तो लॅपटॉप तोच आहे का?

प्रश्न : मुलीसाठी लॅपटॉप घ्यायचा आहे. ऑनलाइन दुकानात तो कंपनीच्या संकेतस्थळापेक्षा चार हजारांनी स्वस्त दिसतो. कुठून घ्यावा?

उत्तर : आधी नाव सोडा, पूर्ण मॉडेल क्रमांक जुळवा. शेवटची दोन-तीन अक्षरं बदलली की रॅम (काम चालू असताना वापरली जाणारी मेमरी) १६ची ८ जीबी होते, नाहीतर स्क्रीन फिकट मिळते. चार हजारांचा फरक बहुधा तिथेच मुरलेला असतो. रॅम आतल्या मुख्य बोर्डावरच कायमची जोडलेली असेल तर पुढे वाढवताही येत नाही. कंपनीकडे, निवडक मॉडेलांत, रॅम आणि घरी येऊन दुरुस्तीची वॉरंटी स्वतः निवडता येते. मात्र डिलिव्हरीला वेळ लागतो.

क्रमांक तंतोतंत जुळला तर ऑनलाइन घ्या, पण ‘विक्रेता’ कोण ते बघून. खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा. खोक्यावरचा आणि लॅपटॉपच्या तळाचा सिरीयल नंबर एकच हवा. तो कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की वॉरंटी कधी सुरू झाली ते कळतं. तारीख खरेदीच्या आधीची निघाली तर जीएसटी बिल कंपनीला पाठवून ती तारीख दुरुस्त करून घ्या. हे सगळं पहिल्याच दिवशी करा, कारण बदलून मिळण्याची मुदत अनेकदा सातच दिवसांची असते.