प्रगतिपुस्तकं घेऊन ये

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

काल टेबलावर ठेवून गेलीस ती चिठ्ठी वाचली. "काका, एका शेतकऱ्याची पट्टी दुसऱ्याच्या नावावर गेली, ही तिसरी वेळ. मी मुळातच आळशी आहे, मला हे जमणार नाही." पट्टीचं, म्हणजे मालाच्या विक्रीच्या हिशेबाच्या त्या कागदाचं, मिटलंय. दोघांनाही फोन केला, नव्या पट्ट्या दिल्या. पण 'आळशी' हा शब्द मला झोपू देईना. 44 वर्षांचा होईपर्यंत मीही स्वतःला तेच म्हणत होतो. मग कळलं, तो आळस नव्हता, एडीएचडी होता, म्हणजे लक्ष आणि चंचलपणा ताब्यात न राहण्याचा विकार.

आळशी माणूस मार्चअखेरीला सातशे रुपयांचा फरक शोधायला सकाळी बसतो आणि संध्याकाळपर्यंत जेवायलाही उठत नाही, असं मी कधी पाहिलेलं नाही. तू उठली नव्हतीस. म्हणजे लक्ष तुझ्याकडे आहे. ते कुठे लावायचं आणि कधी काढून घ्यायचं, तो ताबा सुटतो. रोजच्या साध्या पट्ट्या लिहिताना ते टिकत नाही, आणि कोड्यात अडकलं की सुटत नाही. एडीएचडीच्या नावात लक्षाची कमतरता आहे, पण ते नाव मला अपुरं वाटतं.

मला हे कळलं ते मुलामुळे. तो नऊ वर्षांचा असताना शाळेतून रोज तक्रार यायची. मिरजेला मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी तासभर त्याच्याबद्दल विचारलं आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमचं लहानपण कसं होतं?" हरिपूरहून सांगलीच्या शाळेत जाताना मी किती दप्तरं विसरलो, वर्गात एका मास्तरांनी वर्षभर दाराशी कसं उभं केलं, हे सांगता सांगता माझा आवाजच बसला. पुढे माझीही तपासणी झाली.

हा विकार घराण्यात उतरतो. त्यात आनुवंशिकतेचा वाटा साधारण सत्तर ते ऐंशी टक्के मानतात. मुदतीआधी जन्म, जन्मावेळी कमी वजन, शिसं हा धातू शरीरात जाणं यांनीही शक्यता वाढते. मेंदूत निरोप पोचवणाऱ्या डोपामिन आणि नॉरॲड्रेनलिन या रसायनांचं काम वेगळं चालतं. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात अशा मुलांच्या मेंदूचं बाहेरचं आवरण सरासरी तीन वर्षं उशिरा परिपक्व होताना दिसलं. तुझ्या आईनं लाड केले किंवा धाक कमी ठेवला म्हणून हे होत नाही. हे वाक्य आईला वाचून दाखव.

माझ्या वडिलांना निवृत्तीनंतर दिवस खायला उठायचा. दुकानाची घंटा, हमालांची हाक, सौद्याची वेळ हे सगळं सुटलं आणि ते पार विस्कटले. पण त्यांची तपासणी कधी झाली नाही, म्हणून मी त्यांना हे नाव लावत नाही. तूही स्वतःला इतक्यात लावू नकोस. हरिपूरची हळदीची पेवं, म्हणजे जमिनीखालची कोठारं, पुरात गेली, पण मोबाईलवर एडीएचडीच्या व्हिडिओंचं पेव फुटलंय, आणि त्यात स्वतःला ओळखणारी तुझ्या वयाची पोरं बघून मला काळजी वाटते. अपुरी झोप, चिंता, नैराश्य, थायरॉइड, रक्त कमी असणं यांनीही माणूस असाच विसरतो. डॉक्टर ते आधी तपासतील.

निदान मोठेपणी होऊ शकतं, पण त्रास मोठेपणी सुरू झालेला नसतो. लक्षणं 12 वर्षांच्या आतली हवीत, किमान 6 महिने टिकलेली हवीत, एकाहून जास्त ठिकाणी दिसायला हवीत आणि त्यांनी कामात खरा अडथळा आणलेला हवा. लक्षणांचे दोन गट आहेत, लक्ष न टिकण्याचा आणि चंचलपणा-उतावळेपणाचा. लहान मुलांत एका गटातली 6 लक्षणं बघतात, 17 वर्षांपासून पुढे 5. मुली तर हमखास सुटतात, कारण त्या बाकावर उड्या मारत नाहीत, खिडकीतून बाहेर बघत शांत बसतात. तू तशी होतीस का, हे तुझ्यापेक्षा आईला जास्त आठवेल. वय वाढतं तशी धावपळ बहुधा कमी होते, आतली चुळबूळ मात्र राहते.

औषधाला घाबरू नकोस. यावर नेहमी देतात ते मेथिलफेनिडेट 1944 मध्येच तयार झालं होतं, म्हणजे ते काल-परवाचं नाही. ते सोसत नसेल तर ॲटोमॉक्सेटिनसारखी दुसरी औषधं आहेत. भूक कमी होते, झोप उडू शकते, नाडी आणि रक्तदाब बघावे लागतात, म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नाही आणि दुसऱ्याच्या डबीतलं तर मुळीच नाही. माझ्या मुलाला गोळीचा उपयोग झाला. मला गोळीइतकाच उपयोग समुपदेशनाचा झाला. तिथे मी मोठं काम तोडून लिहायला शिकलो, आणि डोक्यात काही ठेवायचं नाही हेही. माझ्या टेबलावर एकावेळी एकच वजनाची चिठ्ठी असते, ती का, हे तू कधी विचारलं नाहीस. ही त्या दिवसांतली सवय. सहा वर्षांच्या आतल्या मुलांत तर आधी आईबापांनाच शिकवतात, औषध नंतर.

रात्री फार घालमेल झाली तर 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा सरकारी नंबर फिरव. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

रविवारी आईला घेऊन घरी ये. पहिली ते सातवीची प्रगतिपुस्तकं असतील तेवढी आण, शेरे डॉक्टरांना दाखवू. सोमवारी मी तुमच्याबरोबर मिरजेला येतो. तुझ्या टेबलावरच्या वह्या आहेत तशाच आहेत, तिथे दुसऱ्या कुणाला बसवलेलं नाही.

तुझा,
काका