5 लाखांचे 10 लाख होतीलही, पण वर्षाला 10 टक्के कुठून आले?

एका वाचकांनी विचारलंय: एका पॉलिसीत 1 लाख एकदाच टाकले की 10 वर्षांनी 2 लाख मिळतात, एजंट म्हणतो म्हणजे वर्षाला 10 टक्के. हातात 3 लाख आहेत, मित्राकडून 2 लाख बिनव्याजी मिळतायत. 5 टाकले तर बरोबर 10 होतील ना, की मोठ्या रकमेला हिशोब बदलतो? आणि पत्राच्या शेवटी जाता जाता: "घराचं 20 लाखांचं कर्ज आहे, 9 टक्के, अजून 15 वर्षं, पण तो वेगळा विषय."

वेगळा कसला, तोच तर विषय आहे!

आधी तुमचा प्रश्न. हो, 5 चे 10. शाळेत समचलन शिकलो होतो ना, एक जितक्या पटीत वाढतं तितक्याच पटीत दुसरं, y = kx, तेच हे. मिळणारी रक्कम भागिले टाकलेली रक्कम कायम 2, म्हणजे k = 2. फक्त फॉर्ममध्ये ठोक चार्ज आहे का ते बघा, रक्कम कितीही असो 5 हजार कापणार असतील तर 3 लाखांचे 5.9 आणि 5 लाखांचे 9.9 होतात, भागाकार सारखा येत नाही म्हणजे समचलन संपलं. बाकी इथे तुमचं गणित चोख.

चुकलंय ते एजंटचं, आणि तुम्ही ते तसंच गिळलंत. त्याने 100 टक्के वाढीला 10 वर्षांनी भागलं, म्हणजे वाढ आणि वर्षं समचलनात आहेत असं धरलं. सरळ व्याजात असतात, चक्रवाढीत नाही. करून बघा, हाच पैसा याच दराने 20 वर्षं ठेवला तर 1 चे 4 होतात. 10 वर्षांत वाढ 1, भागाकार 0.1. 20 वर्षांत वाढ 3, भागाकार 0.15. स्थिरांकच स्थिर नाही, मग कसलं समचलन. 10 वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला साधारण 7.2 टक्के, खरे 10 टक्के असते तर 1 चे जवळपास 2.6 झाले असते. हा भागाकार करून पॉलिसी विकणारे मी इतके पाहिलेत की आता रागसुद्धा येत नाही, (येतो.)

आता कर्ज. 9 टक्के म्हणजे महिन्याला 0.75 टक्के, आणि त्या महिन्याचं व्याज शिल्लक मुद्दलाशी समचलनात असतं. 3 लाख आज बँकेत भरलेत तर पुढच्याच महिन्याचं व्याज 2,250 ने कमी. हप्ता तोच ठेवलात तर ही बचत मुद्दलात जाते आणि तिच्यावरचं व्याजही वाचतं, 10 वर्षांनी कर्जाची शिल्लक साधारण 7.3 लाखांनी कमी दिसेल. पॉलिसी देणार 6. म्हणजे 3 लाखांवर 1.3 लाखांचं नुकसान, तेही तिने दिलेला शब्द पाळला तर! टाकाल तेवढ्या पटीत नुकसानही वाढणार, हेसुद्धा समचलनच, एजंटच्या कागदावर छापलेलं नसतं एवढंच.

मुदतीचं विचाराल तर 3 लाख भरून 15 वर्षांचं कर्ज साधारण 11 वर्षांत संपतं, 4 वर्षं वाचली. 5 भरले तर समचलनाने 6.7 वाचायला हवीत, वाचतात 6 च. म्हणून इथे तिप्पट-चौपट मनात करत बसू नका, बँकेकडून नवीन तक्ता काढून घ्या.

मित्राचे पैसे घेऊ नका. त्यांना ते कधी परत हवेत हे तुम्ही लिहिलंच नाहीये, आणि पॉलिसी 10 वर्षांची आहे. 3 लाखांतून आधी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढा, तो नसेल तर कर्जाचीही घाई नको. उरलेले कर्जात भरा, बँकेला लेखी सांगा की हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा, नाहीतर ते हप्ता कमी करून मोकळे होऊ शकतात. फॉर्मवर सही केली नाहीये ना अजून? एजंटला फोन करून फक्त विचारा, 10 टक्के असतील तर 1 लाखाचे 2.6 लाख का नाही.