नळ्या लावलेल्या माणसाला उठवायचं कशाला?

प्रश्न : ताई, आमच्या आप्पांना (वय ६४) न्यूमोनिया झाला आणि बेळगावातल्या एका दवाखान्यात ते अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होते. घशात नळी असतानाच तिथली माणसं त्यांना धरून खाटेच्या कडेला बसवायची. आईला ते बघवायचं नाही. आता घरी आणलंय. पाण्याचा तांब्या हातात पेलत नाही, उभं केलं की गुडघे लटपटतात. दवाखान्यातून व्यायाम लिहून दिलाय, पण गावात सगळे म्हणतात, "जिवावरचं दुखणं झालंय, निजू दे की त्यांना." काय करावं?
— एक मुलगा, खानापूर तालुका

उत्तर : आईंना सांगा, तुमच्या डोळ्यांना जे निष्ठुर वाटलं ते आप्पांच्या उपचारांतच मोडत होतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, आयसीयूत हेच काम करते, आणि काचेबाहेर रडणाऱ्या आया-बायका रोज बघते. त्यांना आधी बोलावून, समजावून सांगून मगच रुग्णाला हात लावावा, असं माझं ठाम मत आहे. तेवढा वेळ प्रत्येक ठिकाणी दिला जात नाही.

आजार फुफ्फुसात होता, मग पाय का गेले? जंतुसंसर्ग अंगभर भिनला की शरीर स्वतःचेच स्नायू मोडून वापरायला लागतं. त्यात गुंगीची औषधं आणि निपचित पडून राहणं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका अभ्यासात आयसीयूतल्या रुग्णांच्या मांडीचा पुढचा स्नायू सोनोग्राफीनं मोजला होता. दहा दिवसांत तो सरासरी १८ टक्क्यांच्या आसपास झिजला. छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदाही झिजतो, कारण त्याचं काम मशीन करत असतं. म्हणून आप्पांची कमजोरी "वयामुळे" म्हणून सोडून देऊ नका. ती याच दुखण्याची आहे, आणि बऱ्याच अंशी भरून येते. पण त्याला महिने लागतात.

लवकर हलवल्याचा फायदा किती? २००९ साली अमेरिकेतल्या १०४ व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचा अभ्यास आला. गुंगी रोज थोडा वेळ थांबवून ज्यांना सुरुवातीपासून व्यायाम दिला, त्यांतले ५९ टक्के लोक घरी जाताना आपली कामं आपण करू शकत होते. ज्यांना नेहमीच्या पद्धतीनं सांभाळलं, त्यांच्यात हे प्रमाण ३५ टक्के. भ्रमाचे, म्हणजे माणूस गोंधळून असंबद्ध वागण्या-बोलण्याचे, दिवसही निम्म्यावर आले. मात्र २०२२ साली ७५० रुग्णांवरचा मोठा अभ्यास आला. त्यात नेहमीपेक्षा जास्त जोर लावून व्यायाम दिला होता. त्या रुग्णांना जादा फायदा झाला नाही, उलट नाडी बिघडणं, रक्तदाब वर-खाली होणं, ऑक्सिजन घसरणं हे प्रकार वाढले. मी हे दोन्ही अभ्यास ध्यानात ठेवते. उठवण्याआधी रक्तदाब टिकवून धरणाऱ्या औषधाचा डोस वाढतोय का, ऑक्सिजन किती लागतोय, माणूस हाकेला डोळे उघडतो का, हे बघते. एकजण फक्त नळी सांभाळतो. काही बिनसलं की आम्ही रुग्णाला लगेच निजवतो.

हाकेवरून आठवलं. आमच्याकडे अर्धा वॉर्ड कन्नड बोलतो. खानापूरच्या रानातल्या म्हाताऱ्याला "काल एत्री" (पाय उचला) म्हटलं तर तो नुसता बघत राहतो, आणि कागदावर नोंद होते, रुग्ण सूचना पाळत नाही. नातेवाइकांनी पहिल्याच दिवशी सांगावं की आमच्या माणसाला मराठीच कळतं. चष्मा, कानाचं मशीन आत द्यावं. भेटीच्या वेळी तारीख, वार, गावाकडची खबर सांगावी. भ्रम कमी व्हायला याची मदत होते.

आता घरचं. आप्पांना जमिनीवरच्या अंथरुणावर निजवत असाल तर आधी ते बंद करा. खालून उठायला मांडीत जी ताकद लागते तीच गेलीय. उंच खाट आणि हाताची घट्ट खुर्ची द्या. मुख्य व्यायाम एकच : खुर्चीतून उभं राहणं आणि सावकाश बसणं. सुरुवातीला हाताचा आधार घेऊन दोन-तीन वेळा, मग विश्रांती, असं दिवसातून तीन-चार वेळा. शेजारी कुणीतरी उभं हवंच. उन्हाळाभर गोठ्यात राहिलेला बैल पहिल्याच दिवशी दिवसभर औताला जुंपत नाहीत, हे तुमच्या गावाला सांगायला नको. चालणं सोप्यात किंवा पडवीत. तुमच्याकडच्या पावसात अंगणात शेवाळ धरतं, तिथं अजिबात नको.

व्यायाम करताना आप्पांना एक वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलताना धाप लागली तर थांबा. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर असेल तर डॉक्टरांनी वेगळा आकडा दिला नसल्यास ९० च्या खाली जाऊ देऊ नका. छातीत दुखलं, चक्कर आली, ओठ निळे पडले तर व्यायाम बंद आणि डॉक्टरांना फोन. दुसऱ्या दिवशी सकाळी अंग मोडून आलं तर व्यायाम निम्मा करा, बंद करू नका.

आणि पोटात काही गेल्याशिवाय स्नायू कुठून येणार? आजारपणानंतर पेजेवर ठेवायची आपल्याकडची रीत मला अजिबात पटत नाही. मूत्रपिंड ठीक असल्याचं डॉक्टरांकडून विचारून घ्या, आणि अंडी, दूध, दही, मऊ शिजवलेला मसूर थोडा थोडा करून दिवसभर द्या. रात्री दचकून उठत असतील, आयसीयूतली भलतीच दृश्यं सांगत असतील, तर हसण्यावारी नेऊ नका. त्याचाही इलाज होतो, डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : आईचा कॅन्सर शेवटच्या टप्प्यात आहे. डॉक्टरांनी फिजिओथेरपी सुचवली. आता त्याचा काय उपयोग? उगाच त्रास कशाला?
— एक मुलगी, निपाणी

उत्तर : ताकद वाढवणं हा इथला हेतूच नाही. आईंना विचारा, अजून कुठली गोष्ट स्वतःची स्वतः करावीशी वाटते. बहुतेक बायका मला एकच सांगतात : मोरीपर्यंत आपल्या पायानं जायचंय. मग आमचं सगळं काम तेवढ्यासाठी : कुशीवर वळणं, कडेला बसणं, आधारानं चार पावलं. दम लागत असेल तर पुढ्यात उशी घेऊन टेबलावर वाकून बसायला शिकवतो, त्यानं श्वासाला आराम पडतो. ज्या दिवशी त्या नको म्हणतील त्या दिवशी नको.

एक मात्र सांभाळा. आजार हाडांत उतरला असेल तर उठवण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण असं हाड थोड्या भारानंही मोडतं. पाठ दुखून पायांतली ताकद अचानक गेली किंवा लघवी अडली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सकाळची वाट बघू नका.