एल.सी. आधी काढू नका

प्रश्न : माझी मुलगी सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित कॉलेजातून बी.एस्सी.चं पहिलं वर्ष पास झाली, मेजर म्हणजे मुख्य विषय केमिस्ट्री. यजमान गेल्यावर आम्ही नाशिकला माझ्या भावाकडे राहायला आलो. इथल्या एका कॉलेजात एस.वाय.ला (दुसऱ्या वर्षाला) जागा आहे, पण ते म्हणतात, पहिल्या वर्षाच्या ४४ क्रेडिटपैकी (पेपर पास झाल्यावर मिळणाऱ्या गुणांकांपैकी) ६ आमच्या विषयांशी जुळत नाहीत, पुन्हा एफ.वाय.ला (पहिल्या वर्षाला) प्रवेश घ्या. जुनं कॉलेज म्हणतं, उरलेल्या दोन वर्षांची फी भरा, मगच एल.सी. (कॉलेज सोडल्याचा दाखला) आणि बारावीचं मूळ मार्कशीट मिळेल. काय करावं?

उत्तर : ताई, एल.सी. अडवून ठेवलीय म्हणून तुम्ही हवालदिल आहात, पण आज ती हातात नाही हे एका अर्थी बरंच आहे. पालक बहुधा उलट्या क्रमाने जातात. आधी जुन्या कॉलेजातून नाव काढतात, मग नव्या कॉलेजच्या खिडकीवर कळतं की विषय जुळत नाहीत, आणि तोवर जुनी जागाही गेलेली असते. म्हणून आधी नाशिककडून ‘एस.वाय.ला घेतो’ हे लेखी मिळवा. नाव काढण्याचा अर्ज त्यानंतर.

आता त्या ६ क्रेडिटचं. आपल्या राज्यात संलग्न कॉलेजांना नवीन शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून लागू झालं. क्रेडिटचा साचा सगळीकडे एक, पण साच्यात कोणता विषय घालायचा हे प्रत्येक विद्यापीठाचं अभ्यास मंडळ ठरवतं. मेजरचे पेपर सहसा जुळतात. अडतं ते ओपन इलेक्टिव्ह (मेजरबाहेरचे निवडीचे विषय), कौशल्याचे कोर्स, भारतीय ज्ञान प्रणाली अशा ठिकाणी. तुमचे ६ क्रेडिट तिथलेच असावेत असा माझा अंदाज आहे; मार्कशीट समोर ठेवून तपासा.

इथे एक कडू गोष्ट सांगतो. विद्यार्थ्याने कमावलेली क्रेडिट ज्या ऑनलाइन खात्यात जमा होतात त्या क्रेडिट बँकेचे नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने २८ जुलै २०२१ रोजी काढले. त्यानुसार मिळवलेलं क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं खात्यात राहतं. लोकांना वाटतं, खात्यात आहे म्हणजे कुठेही चालणारच. तसं नाही. मुलीने कमावलेलं क्रेडिट तिचंच, पण ते कोणत्या पेपरच्या जागी धरायचं हे घेणारं विद्यापीठ ठरवतं. ‘घ्याच’ असा हुकूम तुम्ही सोडू शकत नाही.

पण तो निर्णय विद्यापीठाचा आहे, प्रवेशाच्या टेबलावरच्या क्लार्कचा नाही. तेव्हा प्राचार्यांमार्फत विद्यापीठाच्या पात्रता विभागाकडे अर्ज करा. दोन्ही सेमिस्टरची मार्कशीटं जोडा आणि प्रत्येक पेपरचा अभ्यासक्रम तास-क्रेडिटसकट जोडा. हा अभ्यासक्रम कोणी जोडत नाही, आणि मग तुलना फक्त पेपरच्या नावावरून होते. मागणी नेमकी लिहा : ३८ क्रेडिट ग्राह्य धरून एस.वाय.ला प्रवेश द्यावा आणि राहिलेले ६ क्रेडिटचे पेपर सोबत पूर्ण करू द्यावेत. नकार दिलाच तर कारणांसह लेखी मागा. दोन अभ्यासक्रम समान आहेत की नाहीत यात कोर्ट सहसा पडत नाही. पण कारण न देता, किंवा अधिकार नसलेल्या माणसाने दिलेला नकार तपासायला मात्र कोर्ट तयार असतं.

डिजिलॉकरमधून मुलीचं क्रेडिट खातंही आजच उघडून बघा. क्रेडिट संस्थाच चढवते, विद्यार्थ्याला चढवता येत नाही. खातं रिकामं दिसलं तर पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) घालून जुन्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला अर्ज द्या. आधारवरचं आणि मार्कशीटवरचं नाव सारखं आहे ना तेही पाहा. आणि कोणी ‘एक वर्षाचं सर्टिफिकेट घेऊन एक्झिट करा (म्हणजे कोर्स तिथेच सोडा), सोपं पडेल’ म्हणालं तर ऐकू नका. सर्टिफिकेटसाठी वापरलेली क्रेडिट खात्यातून वजा होतात. तुम्हाला बदली हवीय, एक्झिट नको.

जुन्या कॉलेजच्या बाबतीत मात्र तुमची बाजू भक्कम आहे. आयोगाच्या ऑक्टोबर २०१८च्या अधिसूचनेप्रमाणे मूळ कागद प्रवेशाच्या वेळी पडताळून परत द्यायचे असतात, ठेवून घ्यायचे नसतात. फीसुद्धा चालू सेमिस्टरची किंवा वर्षाची घेता येते, संपूर्ण कोर्सची नाही. पहिल्या वर्षाची थकबाकी किंवा लायब्ररीची पुस्तकं राहिली असतील तर ते मागणं रास्त, तेवढं चुकतं करा. तिथे एस.वाय.चा प्रवेश घेऊन झाला असेल तर त्या वर्षाच्या फीचा हिशेब वेगळा. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या किती दिवस आधी किंवा नंतर प्रवेश रद्द केला यावर परतावा ठरतो.

कोणी सुचवेल, मार्कशीट हरवलं म्हणून पोलिसांत द्या आणि बोर्डाकडून दुसरी प्रत काढा. ते करू नका. मार्कशीट कुठे आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. खोटं प्रतिज्ञापत्र केलंत तर फिर्यादी असूनही आरोपी व्हाल.

त्यापेक्षा कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे लेखी तक्रार द्या. आयोगाच्या ११ एप्रिल २०२३च्या नियमांत, न शिकायच्या कोर्सची फी वसूल करण्यासाठी कागद अडवणं ही स्पष्ट तक्रार म्हणून नोंदलेली आहे. समितीने कामाचे १५ दिवस संपायच्या आत अहवाल द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील. त्यांच्याकडून ३० दिवसांत निकाल अपेक्षित असतो. तोवर नाशिकच्या प्रवेशाची मुदत टळू नये म्हणून तक्रारीची पोच जोडून, ‘एल.सी. आणि मायग्रेशन (विद्यापीठ बदलण्याचा दाखला) नंतर देते’ असं हमीपत्र द्या आणि तात्पुरता प्रवेश मागा. देणं त्यांच्या मर्जीवर आहे, पण हातात पोच असली की नाही म्हणणं जड जातं.

ग्राहक आयोगाकडे (पूर्वीच्या ग्राहक मंचाकडे) जाऊ नका. विद्यार्थी विद्यापीठाचा ग्राहक नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच म्हटलंय. अगदी तारीख उलटायची वेळ आली तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. सांगलीच्या कॉलेजविरुद्ध त्यासाठी आता मुंबईला खेपा घालायला नकोत. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालंय आणि सांगली त्याच्याच कक्षेत येते. वकिलाकडे जाताना मुलीला सोबत न्या. ती सज्ञान आहे, याचिकेवर सही तिची लागेल.