सागवानी फ्लोअरिंग पावसाळ्यात फुगलं, दुकानवाला म्हणतो पोछा मारला म्हणून

ताई, तुमचं लांबलचक पत्र वाचलं, फोटोही बघितले. बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. ताई लातूरच्या. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत सागवानी पट्ट्यांचं फ्लोअरिंग करायचं दोन लाख ऐंशी हजारात ठरलं, दुकान पुण्याचं. एप्रिलमध्ये खाली नवा कोबा घातला, मे मध्ये माल आला आणि दुसऱ्याच दिवशी पट्ट्या ठोकायला सुरुवात. ऑगस्टपर्यंत पट्ट्यांच्या कडा वर आल्या, खिडकीकडच्या भिंतीला तर टेंगूळच आलंय. दोन लाख दहा हजार देऊन झालेत, त्यातले पन्नास हजार कॅश, पक्कं बिल नाही. आता दुकानवाला म्हणायलाय की तुम्ही ओला पोछा मारला, लाकूड हे असंच असतं, राहिलेले सत्तर हजार टाका आणि काय करायचं ते पुण्याच्या कोर्टात करा. ताईंना तिघांनी तीन सल्ले दिलेत, एक म्हणतो सगळं उखडून टाका, दुसरा म्हणतो घासून पॉलिश करा, तिसरा म्हणतो चारशेवीस टाका त्याच्यावर.

तिन्ही करू नका. सगळ्यात आधी, फ्लोअरिंगला हात लावू नका, कारण या केसमध्ये तुमचा सगळ्यात मोठा पुरावा तीच आहे. सगळी केस एकाच प्रश्नावर उभी राहणारे की ओल आली कुठून, तुमच्या पोछ्यातून की त्याच्या कामातून. उखडली की प्रश्न संपला आणि केसही.

आता थोडं कामाचं, कारण दुकानवाल्याचा वकील इथंच घुसणार. लाकूड हवेतली ओल घेतं आणि फुगतं, तेही रुंदीत, लांबीत जवळपास नाहीच. आपल्या इकडं मे मध्ये हवा कोरडीठाक, तेव्हा पट्टी आकसलेली असते, आणि तेव्हाच ती भिंतीला चिकटवून टाईट बसवली तर पावसाळ्यात फुगायला जागाच नाही, मग ती वरच उठणार. म्हणून चारी भिंतींना दहा-बारा मिलीमीटरची फट सोडतात आणि ती स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावतात त्या पट्टीखाली, झाकतात, आणि माल आला की काही दिवस त्याच खोलीत पडू देतात, म्हणजे तो तिथल्या हवेला रुळतो. तुमच्याकडं माल दुसऱ्या दिवशी ठोकला. त्यात कोबा नवा. लातूरच्या उन्हात तो वरून चार दिवसांत पांढरा पडतो पण आतून वाळायला ढोबळमानानं इंचाला एक महिना धरतात, तुमचा दोन इंचाचा आहे असं लिहिलंय आणि लाकूड महिन्याभरात वर चढलं. मध्ये प्लास्टिकचा कागदही अंथरला नव्हता म्हणता.

घरी एक करा. पट्टीवर आडवी स्टीलची फूटपट्टी ठेवा. कडा वर आणि मध्ये खाली उजेड दिसत असेल तर पट्टीची खालची बाजू वरच्यापेक्षा जास्त ओली आहे. यावर तो म्हणेल पोछ्याचं पाणी सांध्यांतून खाली गेलं, बरोबर? मग पलंग आणि कपाट सरकवा. जिथं पोछा कधी पोचतच नाही तिथंही कडा तशाच वर असतील तर त्याची गोष्ट तिथंच पडली. फूटपट्टीसकट फोटो काढा, त्याच दिवशी. आणि एका भिंतीची फक्त स्कर्टिंग, दोन शेजाऱ्यांसमोर व्हिडिओ चालू ठेवून काढा आणि फट आहे का बघा. मला वाटतं नसणार.

पॉलिशवाल्याला तर दारातूनच परत पाठवा, लाकूड वाळायच्या आत घासलं की उंच झालेल्या कडा कापल्या जातात आणि वाळल्यावर मधला भाग वर येतो, नवीन दुखणं.

चारशेवीसचं म्हणाल तर तो आता भारतीय न्याय संहितेत कलम 318 आहे, पण त्याला सुरुवातीपासून फसवायचा हेतू दाखवावा लागतो, वाईट काम म्हणजे फसवणूक नाही. पोलीस स्टेशनला बहुतेक दिवाणी मॅटर आहे म्हणून परत पाठवतील. हां, सागवान सांगून दुसरंच लाकूड घातलं असेल तर वेगळं, ते एखाद्या जुन्या सुताराला दाखवून घ्या.

तुमची जागा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये कलम 34 प्रमाणे तुम्ही जिथं राहता तिथं तक्रार करता येते, त्यामुळं कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात 'पुणे न्यायक्षेत्र' छापलंय त्यानं घाबरू नका, लातूरच्या जिल्हा आयोगात करा. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत म्हणून फी शून्य, वकील लागतोच असं नाही, ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइनही होते. थोडे पैसे दिले आणि थोडे द्यायचे राहिले तरी तुम्ही ग्राहकच. बिल न देणं ही कलम 2(47) खाली स्वतंत्र अनुचित व्यापारी प्रथा आहे, म्हणजे कच्च्या बिलाची अडचण तुमच्यापेक्षा त्यालाच जास्त. यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सअपवरचं कोटेशन, त्याच्या ऑडिओ क्लिपा, सगळं प्रिंट आणि पेनड्राइव्हमध्ये घ्या, सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागतं ते प्रमाणपत्र जोडा. पन्नास हजार कॅशचं मात्र कठीण, त्याच्या तोंडून किंवा मेसेजमधून 'मिळाले' असं आलं पाहिजे, चॅट नीट चाळा.

आधी नोटीस. स्पीड पोस्टानं, पंधरा दिवस द्या, काय बिघडलं ते लिहा, आणि अमुक तारखेला येऊन तुम्ही व तुमचा मिस्त्री बघून जा असं लिहा. आला नाही तर तेही तुमच्याच बाजूनं. सत्तर हजाराबद्दल 'देणार नाही' असं लिहू नका, 'काम दुरुस्त झाल्यावर देय, सध्या वादात' असं लिहा. तक्रारीसोबतच अर्ज द्या की तज्ज्ञ व्यक्तीला कोर्ट कमिशनर नेमून फ्लोअरिंगची पाहणी व्हावी, ओल मोजणारं मॉइश्चर मीटर लावून. तो अहवाल आल्यावर मग खुशाल उखडा.

मागताना हिशेब धरून मागा, काढण्याचा खर्च, नव्यानं करण्याचा खर्च, व्याज, तक्रारीचा खर्च. मानसिक त्रासाचे पाच लाख वगैरे टाकू नका, आयोग मनातल्या मनात हसतो. दुकानवाला हरला आणि अपिलात गेला तर त्याला आदेशाच्या रकमेतले पन्नास टक्के आधी भरावे लागतात, त्यामुळं बरेच जण नोटिशीनंतर किंवा मध्यस्थीतच वळणावर येतात. तिथं दुरुस्तीवर तडजोड करणार असाल तर भिंतीकडची फट, खालचा ओल अडवणारा कागद आणि कोबा कोरडा झाल्याची मीटरची नोंद, या तीन गोष्टी लेखी घ्या, नुसतं 'करून देतो' नको. आणि तक्रार करायची मुदत दोन वर्षं, दुकानवाला 'दिवाळीनंतर बघू' म्हणाला म्हणून ती वाढत नाही.