शुक्रवारची गाडी

"मॅडम, पगार वेळेवर होतो, घर हवेशीर आहे, लोक वाईट नाहीत. मग मी इथे येऊन चूक केली असे रोज का वाटते?" डोंबिवलीहून कोल्हापूरला अध्यापनाच्या नोकरीसाठी आलेल्या तिशीतल्या एका बाईंनी पहिल्याच भेटीत हा प्रश्न विचारला. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. १९६२ साली शिवाजी विद्यापीठ सुरू झाल्यापासून या शहराला बाहेरगावच्या माणसांची सवय आहे, त्यामुळे हाच प्रश्न मी राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत अनेकांकडून ऐकला आहे.

त्यांना येऊन चार महिने झाले होते. दर शुक्रवारी रात्री त्या महालक्ष्मी एक्सप्रेसने निघत, पहाटे कल्याणला उतरत आणि सोमवारी सकाळी परत येऊन थेट वर्गावर उभ्या राहत. स्वयंपाकघरात एक पातेले, दोन ताटल्या आणि कुकर एवढेच बाहेर काढलेले होते. बाकीचे खोके चिकटपट्टीसकट भिंतीशी रचलेले होते आणि त्यांतल्या एकावर त्यांच्याच अक्षरात "पुस्तके, नंतर" असे लिहिलेले होते. हे त्यांनी सहज सांगितले, पण मला सर्वांत महत्त्वाचे तेच वाटले.

मोठ्या बदलानंतर मन उदास होणे, झोप चाळवणे, कामात लक्ष न लागणे हा त्रास साधारणपणे पहिल्या तीन महिन्यांत सुरू होतो आणि माणूस नव्या जागेला सरावला की सहसा काही महिन्यांत ओसरतो. मात्र दोन आठवडे जवळजवळ दिवसभर उदासी टिकली, भूक-झोप बिघडली किंवा जगणे नको वाटू लागले, तर सरावण्याची वाट न पाहता मनोविकारतज्ज्ञांना भेटावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावरही मोफत बोलता येते. या बाईंच्या बाबतीत तसे काही नव्हते. त्यांना गाव आवडत नव्हते असेही नव्हते, गावाला त्यांनी अजून शनिवार-रविवार दिलाच नव्हता.

इथे मी घाई केली, हे मान्य केले पाहिजे. "एखाद्या मंडळात जा, ओळखी वाढवा," असे मी सुचवले आणि त्या एका कार्यक्रमाला जाऊन अधिकच एकट्या होऊन परतल्या, कारण तिथे सगळेच एकमेकांना शाळेपासून ओळखत होते. पेठ आणि तालीम यांच्या जुन्या नात्यांनी बांधलेल्या या शहरात बाहेरून आलेल्या माणसाला असे वाटणे स्वाभाविक आहे. मैत्रीच्या आधी तोंडओळख लागते आणि ती एकाच ठिकाणी, एकाच वेळी पुन्हा पुन्हा दिसल्यानेच होते, हे मी आधी सांगायला हवे होते.

मग आम्ही एवढेच ठरवले की घरी एक आठवडा सोडून जायचे, इथल्या शनिवारी संध्याकाळी गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर डोळ्यांसमोर म्हशीची धार काढून मिळणारे दूध आणायचे, भाजी एकाच बाईंकडून घ्यायची आणि आठवड्याला एक खोका उघडायचा. इथे राहायचे की सोडायचे, हा निर्णय सहा महिने बाजूला ठेवायचा. पहिला शनिवार फार जड गेला. आदल्या दिवशी, शुक्रवारी रात्री नऊच्या सुमारास, गाडीत नसल्याच्या जाणिवेने त्या रडल्या. तेही आम्ही बोलून घेतले, कारण आई-वडिलांना एकटे टाकल्याची टोचणी त्यामागे होती आणि केवळ दिनक्रम बदलून ती जाणार नव्हती. आई-वडिलांना पंधरा दिवस इकडे बोलावण्याचा मार्ग त्यातूनच निघाला.

पाचव्या शनिवारी भाजीवाल्या मावशींनी त्यांना विचारले, "आज उशीर केलासा, ताई?" हे सांगताना त्यांचा आवाज जड झाला होता. पुढच्या भेटीत त्यांनी पर्समधून एक कागद काढून दाखवला. पुस्तकांच्या मांडणीसाठी सुताराला द्यायची मापे त्यावर लिहिलेली होती.