दान, श्रम आणि ‘आळशी गरीब’

गरीब माणूस आळशीच असतो ही समजूत सोळाव्या शतकातील प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विन याच्या शिकवणीतून निघाली आणि युरोपातून जगभर पसरली, हे मत कितपत ग्राह्य आहे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ते अर्धेच ग्राह्य आहे.

धडधाकट भिकाऱ्यावरचा राग धर्मसुधारणेच्या, म्हणजे कॅथलिक चर्चपासून फुटून प्रोटेस्टंट पंथ निर्माण झाले त्या सोळाव्या शतकातील चळवळीच्या, फार आधीचा आहे. १३४८-४९ च्या प्लेगमध्ये इंग्लंडमधील इतकी माणसे दगावली की शेतीला मजूर मिळेनात. तेव्हा १३४९ च्या राजाज्ञेने मजुरी प्लेगपूर्व दरावर रोखून धरली आणि काम करू शकणाऱ्याला भीक घालणाऱ्या दात्यालाच तुरुंगाची धमकी दिली. ही आज्ञा कॅथलिक राजाची होती. १५२६ मध्ये ब्रुज शहरासाठी गरिबांच्या मदतीची योजना लिहिणारा विद्वान व्हिव्हेसही कॅथलिकच होता, आणि अंधांनाही जमेल ते काम द्यावे असे त्याचे म्हणणे होते.

तरीही धर्मसुधारणेने एक मूलगामी बदल घडवला, आणि तो कॅल्विनपेक्षा या चळवळीचा जर्मन प्रवर्तक ल्यूथर याच्याकडे जातो. मध्ययुगात श्रीमंताला गरिबाची गरज होती. दानाने पापाचे ओझे हलके होते अशी श्रद्धा असल्यामुळे लोक मृत्युपत्रात गरिबांसाठी अन्न, वस्त्र आणि पैसे ठेवत, आणि त्या गरिबांनी मृताच्या आत्म्यासाठी प्रार्थना करावी अशी अपेक्षा असे. पापातून सुटका केवळ श्रद्धेने होते, सत्कृत्यांनी नव्हे, असे ल्यूथरच्या शिकवणीने ठरल्यावर या देवाणघेवाणीचा पायाच गेला. ल्यूथरने १५२० मध्ये भीक मागणे बंद करून प्रत्येक शहराने आपले गरीब सांभाळावेत असे सुचवले, आणि १५२३ मध्ये लाइस्निग गावाच्या सामायिक निधीच्या नियमांना प्रस्तावना लिहिली. त्याचा कळवळा खरा होता, याविषयी मला शंका नाही. परंतु दात्यासाठी देवाकडे रदबदली करणारा गरीब या व्यवस्थेत चौकशीचा विषय झाला.

हा धोका सर्वांत स्पष्टपणे ओळखला तो स्पेनमधील सालामांकाच्या दोमिंगो दे सोतो या डॉमिनिकन संघाच्या कॅथलिक धर्मपंडिताने. परक्या गावचा म्हणून कोणाला हाकलू नये आणि गरजूचा मागण्याचा हक्क काढून घेऊ नये, असा युक्तिवाद त्याने १५४५ मध्ये केला. या साऱ्या वादात मला तोच सर्वांत माणुसकीचा वाटतो.

कॅल्विनपंथीयांच्या कष्टाळूपणाने भांडवलशाहीच्या वृत्तीला बळ दिले, हे समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने १९०४-०५ मध्ये मांडलेले मत प्रसिद्धच आहे; मात्र त्याचा मुख्य प्रश्न त्या वृत्तीचाच होता, गरिबांच्या मदतीचा नव्हता. इंग्लंडमध्ये १६०१ च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशवर (चर्चभोवतीच्या स्थानिक विभागावर) कर बसवून मदत आणि सक्तीचे काम एकत्र जोडले. १८३४ मध्ये, लंडनच्या बिशपच्या अध्यक्षतेखालील आयोगाच्या शिफारशीनंतर, श्रमगृहातील, म्हणजे मदतीच्या बदल्यात गरिबांना ठेवून काम करवून घेणाऱ्या संस्थेतील, जीवन बाहेरच्या सर्वांत गरीब मजुरापेक्षाही कष्टाचे असावे हे तत्त्व रुजले.

हा वारसा आपल्याकडेही कायद्याच्या भाषेतून पोहोचला. १८२४ च्या इंग्लिश भटकंतीविरोधी कायद्यात ‘उपजीविकेचे दृश्य साधन नसणे’ हा संशयाचा आधार होता. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्यात, तशा स्थितीत सार्वजनिक ठिकाणी फिरणारा माणूस भीक मागून जगत असावा असे वाटले तर तेही भीक मागणेच ठरते, आणि पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे डांबण्याची तरतूद आहे. हाच कायदा दिल्लीलाही लागू होता. तेथील उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमे घटनाबाह्य म्हणून रद्द केली.